पेढी कीं पाठशाळा? : परदेशी व्यापाराच्या विद्येचा इतिहास

बारावीची परीक्षा आटोपली कीं आपल्या मध्यम वर्गाच्या घराघरांतून जो खल सुरू होतो, त्यांत अलीकडे एका नव्या पदवीची भर पडली आहे. ‘आंतरराष्ट्रीय व्यापार’ या विषयाची ही पदवी. वैद्यक, यंत्रशास्त्र किंवा कायदा यांचा अभ्यास म्हणजे काय, हें वडील मंडळींना ठाऊक असतें. परंतु तीन किंवा चार वर्षें महाविद्यालयांत बसून मुलगा अथवा मुलगी व्यापार, आणि तोही जगाचा व्यापार, शिकते म्हणजे नेमकें काय शिकते, हा प्रश्न त्यांना पडल्यावांचून राहत नाहीं. व्यापार हा पेढीवर शिकावयाचा, वर्गांत नव्हे, असें आजोबा म्हणतात. माहितीपत्रकांतील विमानांचीं आणि गोद्यांचीं चित्रें पाहून नातवंडें हरखून जातात. आणि फीचा आंकडा वाचून मधल्या पिढीचें तोंड उतरतें. या वादांत कोणाचा पक्ष खरा, हें एका वाक्यांत सांगण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु हा वाद वाटतो तितका नवा नाहीं. आणि त्याच्या इतिहासांत आपल्या मुंबईचा कापूस अशा एका ठिकाणीं गुंतलेला आहे कीं, तो धागा उलगडून पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

व्यापार पेढीवरच शिकावा, हें मत मूर्खपणाचें खास नव्हतें. इटलींतील मध्ययुगीन व्यापाऱ्यांचे मुलगे कोवळ्या वयांतच परगांवच्या कोठ्यांवर पाठविले जात. हान्सा संघाच्या जर्मन शहरांतील उमेदवार नॉर्वेच्या बर्गेन बंदरांतील कडाक्याच्या थंडींत वर्षानुवर्षें काढीत. आपल्याकडील गुजराती-मारवाडी पेढ्यांवर मुलगा आधीं झाडलोट, मग रोजकीर्द, मग खतावणी आणि अखेरीस भाव करणें, अशा क्रमानें तयार होई. या शिक्षणांत पाठांतर नव्हतें, परीक्षा नव्हती, आणि चूक झाली तर गुण कमी न होतां पैसे जात. याहून कडक शाळा ती कोणती असणार? परंतु पेढीच्या शिक्षणास एक जन्मजात मर्यादा होती. पेढीला जें ठाऊक असेल तेवढेंच ती शिकविते. समुद्राचा मार्ग बदलला, राज्य बदललें, नाण्याचा कस बदलला, कीं तिचें शहाणपण एका पिढींत शिळें होतें. शिवाय जो त्या घरांत जन्मला नाहीं, त्याला तिचा दरवाजा बहुधा बंदच. म्हणून असें दिसतें कीं, आपला परदेशचा व्यापार परक्यांच्या हातांत गेल्याचें शल्य ज्या राष्ट्रास बोचूं लागलें, त्यानें पेढीवर विसंबून न राहतां पाठशाळेकडे धांव घेतली.

लिस्बनचें उदाहरण यांत लवकरचें. १७५५ च्या भूकंपानें तें शहर उद्ध्वस्त झालें. पण त्याच्या व्यापाराची दुर्दशा भूकंपाच्या आधींचीच होती. ब्राझीलचें सोनें लिस्बनला उतरे आणि तेथें ठाण मांडून बसलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या हातून पुष्कळसें लंडनला जाई. पुढें पोंबाल या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या प्रधानानें १७५९ सालीं सरकारी व्यापारमंडळाच्या देखरेखीखालीं तीन वर्षांचा एक व्यापारवर्ग उघडला. अंकगणित, देशोदेशींचीं नाणीं व वजनें-मापें, हुंडणावळ, विमा आणि दुहेरी नोंदीचा जमाखर्च, हे त्याचे विषय. साठ वर्षांनीं, १८१९ सालीं, पॅरिसांत व्यापाराची उच्च शाळा निघाली. तिच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांत झां बातिस्त से हा नामांकित अर्थशास्त्री होता. ती अनेक वर्षें कशीबशी चालली आणि १८६९ सालीं पॅरिसच्या व्यापारी मंडळानें ती विकत घेतली.

इंग्रजांची तऱ्हा मात्र निराळी. ईस्ट इंडिया कंपनीएवढें मोठें व्यापारी मंडळ त्या काळीं क्वचितच दुसरें असेल. तिनें १८०६ सालीं आपल्या नोकरांसाठीं महाविद्यालय काढलें. तें पुढें हेलीबरी येथें स्थिरावलें, आणि लोकसंख्येच्या सिद्धांतामुळें प्रसिद्ध झालेला माल्थस तेथें इतिहास व अर्थशास्त्र शिकवीत असे. परंतु व्यापाऱ्यांच्या या महाविद्यालयांतून व्यापारी निघाले नाहींत. निघाले ते कलेक्टर आणि न्यायाधीश. १८१३ सालीं कंपनीचा हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता गेला, १८३३ सालीं तिचा व्यापारच बंद झाला, आणि ताजव्याची जागा दंडानें घेतली. इंग्लंडांतल्या व्यापाऱ्यांना पाठशाळेची गरज पुढें कित्येक वर्षें भासली नाहीं. जग त्यांच्या दाराशीं आपण होऊन येत होतें.

ज्याच्या दाराशीं जग येत नव्हतें तो बेल्जम देश. १८३० सालीं स्वतंत्र झालेल्या या चिमुकल्या राष्ट्राजवळ कारखाने होते आणि अँटवर्पसारखें बंदर होतें; पण माल खपविण्यास वसाहती नव्हत्या. तेथें १८५२ सालीं व्यापाराची उच्च संस्था स्थापन झाली. या संस्थेनें जो पायंडा पाडला तो पुढें युरोपभर गिरविला गेला, म्हणून तिची रीत थोडी विस्तारानें सांगतों. विद्यार्थ्यांना तेथें एक नमुन्याची कचेरी असे. मालाची मागणी आली आहे असें धरून त्यांनीं भाव कळवावयाचा, जहाजाचें भाडें ठरवावयाचें, विमा उतरावयाचा, हुंडी काढावयाची, आणि हा सारा पत्रव्यवहार निरनिराळ्या भाषांतून करावयाचा. दुसऱ्या दालनांत मालाचें संग्रहालय: तऱ्हेतऱ्हेचा कापूस, लोंकर, नीळ, कॉफी, कातडीं. माल हातांत घेऊन ओळखावयाचा. आणि शेवटची गोष्ट म्हणजे, उत्तीर्ण झालेल्यांपैकीं निवडक तरुणांना सरकार प्रवासवेतन देऊन परदेशीं पाठवी. त्यांनीं तेथें राहून बाजारपेठा न्याहाळाव्या आणि मायदेशीं माहिती कळवावी. पेढीचे गुण पाठशाळेंत आणण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. तो सर्वस्वी साधला असें आम्ही म्हणत नाहीं. खोट्या पैशानें केलेल्या सौद्यांत छातीची धडधड कोठून येणार? परंतु भाषा, माल आणि प्रवास या तीन गोष्टींवर या लोकांनीं बोट ठेविलें, हें त्यांचें शहाणपण.

आतां मुंबईच्या कापसाकडे येऊं. आल्सेस प्रांतांतील मुलहाउस हें फ्रान्सचें त्या काळचें मोठें कापडगांव. तेथें १८३७ सालीं जन्मलेला ज्यूल सीगफ्रीड हा कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा १८६१ सालीं अमेरिकेंत गेला. तेथें नुकतेंच यादवी युद्ध पेटलें होतें. अध्यक्ष लिंकन यांचीही त्यानें भेट घेतली. दक्षिणेंतील बंदरांची नाकेबंदी लवकर उठत नाहीं आणि युरोपच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावांचून उपाशी राहणार, हें त्यानें ओळखलें. आणि १८६२ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, मुंबईंत आपल्या पेढीची शाखा उघडली. पुढील तीन वर्षें मुंबईच्या इतिहासांत कशीं गेलीं, तें वाचकांस सांगणें नलगे. वऱ्हाड, खानदेश, गुजराथ, धारवाड येथील गांठोडीं गाड्याबैलांवरून आणि नव्या आगगाडीवरून बंदरास येत होतीं. बोरघाटांतून आगगाडी १८६३ सालीं सुरू झाली ती जणूं या कापसासाठींच. भाव गगनास भिडले, बँका आणि समुद्र बुजविण्याच्या कंपन्या पावसाळ्यांतल्या छत्र्यांप्रमाणें उगवल्या, आणि १८६५ सालीं अमेरिकेंतील युद्ध संपतांच तो सगळा डोलारा कोसळला.

त्या पैशाचें पुढें झालें काय? मुंबईकडचा विचार आधीं करूं. त्या सट्ट्याचा मेरुमणि शेट प्रेमचंद रायचंद यानें मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठीं दोन लक्ष आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठीं आणखी दोन लक्ष रुपये दिले. मनोऱ्याला त्याच्या आईचें, राजाबाईचें, नांव मिळालें. १८७८ सालीं तो पुरा झाला आणि आजही तो मुंबईचें भूषण आहे. आतां फ्रान्सकडे पाहूं. ज्यूल व त्याचा भाऊ जाक या दोघां सीगफ्रीडांनीं १८६६ सालीं मुलहाउस येथें व्यापाराची उच्च शाळा काढण्यासाठीं एक लक्ष फ्रँक दिले. ती अँटवर्पच्या धर्तीवर निघाली. त्या एक लक्षांत आमच्या काळ्या जमिनींतल्या बोंडांचा कांहींएक हिस्सा होता, असें मानावयास हरकत नसावी. एकाच कापसाच्या पैशानें एका गांवीं मनोरा उभा राहिला आणि दुसऱ्या गांवीं कापूस विकण्याची विद्या शिकविणारी शाळा. प्रेमचंदशेटच्या औदार्यास आम्हीं उणें लेखितों असें कोणीं समजूं नये. ग्रंथालय ही लहानसहान देणगी नव्हे. परंतु ज्या धंद्यानें हें धन दिलें, तो धंदा शास्त्र म्हणून शिकावा असें त्या वेळीं मुंबईंत कोणाच्या मनांत आल्याचें आम्हांस आढळत नाहीं, आणि विद्यापीठाला तर तें १९१३ पर्यंत सुचलें नाहीं. मुलहाउसच्या शाळेच्या नशिबीं सुख फार दिवस नव्हतें. १८७१ सालीं आल्सेस जर्मनीकडे गेला, शाळा बंद पडली, आणि तिचा वारसा १८७२ सालीं लियाँ येथें निघालेल्या शाळेनें चालविला. ल हाव्र बंदरांतील अशीच एक शाळा सीगफ्रीड बंधूंच्याच पुढाकारानें १८७१ सालीं निघाली होती. या दोन्ही शाळा पुढें वाढत गेल्या. ज्यूल सीगफ्रीड ल हाव्रचा नगराध्यक्ष झाला आणि १८९२ सालीं फ्रान्सचा व्यापारमंत्री.

व्हेनिसची कथा याहून करुण आणि म्हणूनच अधिक मनोवेधक आहे. दुहेरी नोंदीच्या जमाखर्चाचें पहिलें छापील विवेचन लुका पाचोली यानें १४९४ सालीं याच शहरांत प्रसिद्ध केलें. पूर्वेच्या मिरीवर ज्यानें वैभव भोगलें तें शहर १८६६ सालीं इटलीच्या राज्यांत आलें तेव्हां त्याच्या गोद्या ओस पडलेल्या होत्या. तिकडे सुएझचा कालवा खणला जात होता; १८६९ च्या नोव्हेंबरांत तो खुला व्हावयाचा होता. पूर्वेचा माल पुन्हां भूमध्य समुद्रांत येईल, आणि त्या वेळीं आपल्याजवळ पूर्वेच्या भाषा व चालीरीती जाणणारीं माणसें असलीं पाहिजेत, अशा आशेनें १८६८ सालीं तेथें व्यापाराची राजमान्य उच्च शाळा स्थापन झाली. शाळेला जागा मिळाली ती मोठ्या कालव्याच्या कांठीं असलेल्या फॉस्कारी वाड्यांत. पंधराव्या शतकांतील एका दोजेनें बांधविलेला हा वाडा. अर्थशास्त्री फ्रांचेस्को फेर्रारा हा पहिला संचालक. येथें केवळ व्यापारीच नव्हे, तर परदेशीं नेमावयाचे वकील आणि व्यापारशाळांचे शिक्षकही तयार करावयाचे होते. १८७३ पासून येथें जपानी भाषा शिकविली जाऊं लागली. ज्या वर्षीं आपल्याकडे जपान म्हणजे नकाशावरील एक ठिपका होता, त्या वर्षीं व्हेनिसच्या त्या जुन्या वाड्यांत मुलें त्याची लिपी गिरवीत होतीं! पूर्वेचा व्यापार व्हेनिसकडे परत आला नाहीं. जिनोव्हा आणि त्रिएस्तनें तो घेतला. विद्या मात्र राहिली.

आणि जपान स्वस्थ बसलें नव्हतें. योकोहामा बंदरांत परदेशी व्यापारी कोठ्या थाटून बसले होते. जपानी रेशीम व चहा त्यांच्याच हातून बाहेर जाई आणि भाव तेच करीत. हें पाहून मोरी आरिनोरी या मुत्सद्द्यानें १८७५ सालीं तोक्योमध्यें व्यापाराची एक लहानशी शाळा काढली आणि शिकविण्यासाठीं अमेरिकेहून व्हिटनी नांवाचा शिक्षक आणविला. १८८७ सालीं ती उच्च व्यापारशाळा झाली, १९२० सालीं वाणिज्य विद्यापीठ, आणि १९४९ पासून तिला हितोत्सुबाशी विद्यापीठ म्हणतात. तिचा मुंबईशीं प्रत्यक्ष नसला तरी फार दूरचाही संबंध नाहीं. १८९३ सालीं जमशेटजी टाटा जपानला गेले आणि निप्पॉन यूसेन या जहाज कंपनीशीं करार करून त्यांनीं मुंबई ते कोबे अशी आगबोट सुरू केली. मुंबईच्या कापसाचें भाडें मनमानेल तसें आकारणाऱ्या इंग्रज कंपनीशीं ती टक्कर होती. त्या कंपनीनें भाडें पाडलें, टाटांची आगबोट थोड्याच काळांत बंद झाली, पण जपानी कंपनीची मुंबईची फेरी टिकली. पाठोपाठ जपानी खरेदीदार मुंबईंत येऊन राहिले, आणि येथील कापसाचें सूत होऊन तें चीनच्या बाजारांत मुंबईच्याच सुताला मागें सारूं लागलें. या चढाओढीचें सारें श्रेय एका शाळेला देणें वेडेपणाचें होईल. त्यामागें सरकार होतें, धनको होते, गिरण्या होत्या. तथापि परक्या बाजारांत बसून हिशेब, भाषा आणि हुंडणावळ सांभाळणारे सुशिक्षित तरुण जपानला हवे तेव्हां मिळाले, ही गोष्ट आकाशांतून पडली नव्हती.

व्हिएन्नाचा एक प्रकार सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. १८७३ च्या जागतिक प्रदर्शनानंतर तेथें पौर्वात्य वस्तूंचें एक संग्रहालय निघालें. त्याचें पुढें व्यापारसंग्रहालय झालें. आणि त्यांतून १८९८ सालीं ‘निर्यात अकादमी’ जन्मास आली. आमच्या समजुतीप्रमाणें परदेशी व्यापार हाच ज्याचा मुख्य विषय, असें स्पष्ट नांव धारण करणाऱ्या पहिल्या संस्थांपैकीं ही एक होय. १९१८ सालीं साम्राज्य कोसळलें, त्रिएस्त बंदर इटलीकडे गेलें, ऑस्ट्रिया चहूंकडून जमिनीनें वेढलेला एक लहानसा देश उरला. आणि नेमकें १९१९ सालीं या संस्थेचें नांव झालें ‘जागतिक व्यापाराचें उच्च विद्यालय’! साम्राज्य गेल्यावर जग नांवांत घेतलें. तें नांव १९७५ पर्यंत टिकलें.

विद्यापीठाची पदवी म्हणून हा विषय प्रथम रुजला तो अमेरिकेंत. निकेल व लोखंडाचा कारखानदार जोसेफ व्हार्टन यानें १८८१ सालीं एक लक्ष डॉलर देऊन पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत ही शाखा काढविली. देणगी देतांना संरक्षक जकातीचा सिद्धांत शिकविला जावा असाही त्याचा आग्रह होता. इंग्लंडांत पहिली वाणिज्यशाखा निघाली ती जोसेफ चेंबरलेन यांच्या बर्मिंगहॅमला. हार्वर्डहून परतलेले प्राध्यापक ॲश्ले यांनीं १९०२ सालीं तिचे वर्ग सुरू केले. कारकून नव्हे तर कारभारी घडवावयाचे, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. आणि खुल्या व्यापाराविरुद्ध चेंबरलेन यांनीं जी मोहीम उघडली तींत ॲश्लेही लेखणी घेऊन उतरले. व्यापाराचें शास्त्र निःपक्षपाती असतें अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं या दोन उदाहरणांचा विचार करावा. शाळा कोणाच्या पैशानें आणि कोणत्या शहरांत निघाली, यावर फळ्यावरील मजकूर पुष्कळदां ठरत आला आहे.

मुंबईंत व्यापारी परीक्षांचे खाजगी वर्ग विसाव्या शतकाच्या आरंभापासून होते. सोहराबजी दावर यांचें विद्यालय १९०० सालचें. परंतु विद्यापीठाची वाणिज्य पदवी आली ती १९१३ सालीं सिडनहॅम महाविद्यालयाबरोबर. तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांस सिडनहॅम ही सरदारकी मिळाली, तेंच नांव महाविद्यालयास दिलें गेलें. आशिया खंडांतील हें पहिलें वाणिज्य महाविद्यालय, असें अभिमानानें सांगण्यांत येतें. तोक्योची शाळा अडतीस वर्षांनीं वडील आहे, हें लक्षांत घेतलें तर हा अभिमान थोडा आवरता घ्यावा लागेल. पदवीपुरताच तो खरा ठरावा. १९१४ सालीं पर्सी ॲन्स्टी हे प्राचार्य म्हणून आले. त्यांची पत्नी व्हेरा ॲन्स्टी ही स्वतः अर्थशास्त्राची अभ्यासक. १९२० सालीं पतीच्या निधनानंतर ती लंडनला परतली, तेथील अर्थशास्त्रविद्यालयांत अनेक वर्षें अध्यापन करीत राहिली, आणि १९२९ सालीं हिंदुस्थानच्या आर्थिक विकासावरील तिचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुंबईच्या वास्तव्याचें फळ असें लंडनच्या पदरीं पडलें.

याच महाविद्यालयांत १९१८ ते १९२० या काळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ सालीं लंडनला प्रसिद्ध झाला. विषय रुक्ष वाटेल. पण तो परदेशी व्यापाराच्या मर्मावर घाव घालणारा होता. देशांत चांदीचा रुपया आणि परदेशाशीं सोन्याचा भाव, या दोहोंची सांगड सरकारनें आपल्या मर्जीनें घालावयाची, ही व्यवस्था केन्स यांनीं १९१३ सालीं वाखाणली होती. रुपये पाडण्याचा हात मोकळा राहिला तर भावांची स्थिरता कशी राहणार, असा आंबेडकरांचा सवाल होता. १९२५ सालीं चलनाच्या चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनपुढें त्यांनीं साक्षही दिली. हुंडणावळीच्या त्या वादाची धग समजावयास एक साधा हिशेब पुरे. रुपयाचा भाव सोळा पेन्स असेल तर एका पौंडाच्या निर्गत मालाचे १५ रुपये हातीं येतात. तोच अठरा पेन्स झाला तर १३ रुपये ५ आणे ४ पै. १९२७ सालीं सरकारनें अठरा पेन्सांचा भाव कायम केला. जो शेतकरी कापूस पिकवून घरीं बसला होता, त्याला पौंड म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें. पण त्याच्या प्रत्येक पौंडामागें पावणेदोन रुपयांस थोडे कमी गळाले, ते या निर्णयानें. पेढीवरचा मुनीम हा भाव रोज वहींत मांडीत असे. तो तसा कां आहे, आणि बदलतां येईल कीं काय, हें विचारण्याचें शिक्षण मात्र पेढीजवळ नव्हतें. पाठशाळेची बाजू येथें खरी भक्कम होते.

पुढें माटुंग्यास १९४१ सालीं पोदार महाविद्यालय आणि पुण्यास १९४३ सालीं बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय निघालें, आणि वाणिज्य पदवी मराठी घरांत सवयीची झाली. परंतु ती बँक, विमा आणि हिशेबतपासणी यांच्याकडे झुकली. त्यांत वाईट कांहीं नाहीं. हजारों संसार त्यावर उभे राहिले. पण भाषा, माल आणि प्रवास, ही अँटवर्पची त्रयी त्यांतून गळाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या विषयाला निराळें वळण लागलें. १९४६ सालीं अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत, जेथें युद्धकाळांत वैमानिक तयार होत त्या विमानतळावर, परदेशी व्यापाराची एक संस्था निघाली. भाषा, त्या त्या प्रदेशाचा परिचय, आणि व्यापार असे तिच्या शिक्षणाचे तीन भाग होते. १९५९ सालीं या विषयाच्या अमेरिकन अध्यापकांनीं आपली परिषद स्थापिली. तोंवर अभ्यास व्हावयाचा तो मालाचा: एका देशांतून निघाला, दुसऱ्यांत उतरला. आतां कारखानेच देशांतर करूं लागले होते. स्टीफन हायमर या कॅनेडियन तरुणानें १९६० सालच्या आपल्या प्रबंधांत विचारलें कीं, परदेशीं नुसता पैसा व्याजानें लावतां येत असतां कंपन्या तेथें जाऊन कारखाना काढण्याची यातायात कां करतात? त्याचें उत्तर असें कीं, त्यांना व्याज नको असतें, सत्ता हवी असते. आपल्या हातचा विशेष लाभ दुसऱ्यास न देतां आपणच राबवावयाचा असतो. हा प्रबंध छापला गेला १९७६ सालीं. त्याच्या दोन वर्षें आधीं हायमर मोटार अपघातांत वारला होता. कंपनीचें राष्ट्रांतर हाच ज्याचा गाभा आहे, असा आजचा ‘आंतरराष्ट्रीय व्यापार’ हा विषय पुष्कळसा त्याच्या प्रश्नांतून निघालेला आहे. दिल्लीस भारत सरकारनें विदेश व्यापाराची संस्था १९६३ सालीं काढली. युरोपांत १९७४ च्या सुमारास फ्रान्समधील रॅंस आणि लंडनचें मिडलसेक्स यांनीं जोड पदवीची रीत सुरू केली: निम्मा काळ एका देशांत, निम्मा दुसऱ्या देशांत, आणि शिक्षण त्या त्या देशाच्या भाषेंत. जर्मनींतील रॉयटलिंगेन १९७९ सालीं त्याच वाटेनें गेलें. अँटवर्पचें प्रवासवेतन येथें निराळ्या वेषांत परत आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आजच्या पदवींत वर्गांत बसून शिकण्यासारखें खरोखर काय आहे, याचें एक उदाहरण देतों. नाशिकचीं द्राक्षें न्हावाशेव्याच्या बंदरांतून रॉटरडॅमला निघालीं. भाडें आणि विमा विकणाऱ्यानें भरला आहे. वाटेंत समुद्रांत माल बुडाला, तर नुकसान कोणाचें? साधा माणूस म्हणेल, ज्यानें भाडें भरलें त्याचें. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळानें १९३६ पासून ज्या व्यापारी संज्ञांचे अर्थ बांधून दिले आहेत, त्यांप्रमाणें अशा सौद्यांत माल जहाजावर चढतांच जोखीम खरेदीदाराकडे जाते. विमा कंपनीकडे भरपाई मागावयाची ती त्यानें. हें ज्ञान पेढीवर एका बुडालेल्या मालाच्या किमतीला मिळतें; वर्गांत तें एका तासांत मिळतें. पतपत्रांतील एका चुकीच्या शब्दानें बँक पैसे नाकारते, हेंही तसेंच. पण डच खरेदीदार सौम्य शब्दांत जें लिहितो त्याचा अर्थ होकार कीं नकार, हें कोणत्याही तासांत कळत नाहीं. तेथें त्याची भाषा आणि त्याचा सहवास लागतो.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानें आपल्याकडे चार वर्षांच्या पदवीची वाट मोकळी केली, आणि या नांवाचे अभ्यासक्रम वाढले. त्यांचीं माहितीपत्रकें आम्हीं कुतूहलानें चाळलीं. व्यवस्थापन, विक्रय, हिशेब, कायदा हे विषय सर्वत्र आहेत. परकीय भाषा कोठें दोन सत्रांपुरती, कोठें ऐच्छिक. माल ओळखण्याचा तर मागमूस नाहीं. नांवांतून ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द वगळला तर ज्यांत फारसा फरक पडणार नाहीं, असेही कांहीं आहेत. आणि फी मात्र त्या एका शब्दाची घेतली जाते. आपल्या मुलाला किंवा मुलीला अशा ठिकाणीं धाडूं पाहणाऱ्या गृहस्थांनीं संस्थेच्या इमारतीविषयीं कमी आणि त्या चार वर्षांत तें मूल कोणत्या परक्या भाषेंत पत्र लिहूं शकेल याविषयीं जास्त चौकशी करावी. व्हेनिसच्या फॉस्कारी वाड्याचें आतां विद्यापीठ झालें आहे; जपानी भाषेचें अध्यापन तेथें अद्याप चालू आहे.